सभासद आणि गिऱ्हाईक



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी आपले आयुष्य सहकाराच्या कामात वेचले. सहकार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साखर कारखाना येतो, दूध संघ येतो, जिल्हा बँक येते. मी आज ज्या सहकारी संस्थेबद्दल बोलणार आहे, तिच्या जिन्यावरून उतरूनच आपल्यापैकी बरेच जण इथे आले असतील. महाराष्ट्रात नोंदलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्था लाखाहून अधिक आहेत. संख्येने दुसऱ्या कोणत्याही प्रकारच्या सहकारी संस्था एवढ्या नाहीत. तरीही सहकारी चळवळीचा हिशेब मांडताना त्यांची आठवण कोणाला होत नाही. तिथे राहणाऱ्यांनाही आपण चळवळीत आहोत असे वाटत नाही. आपण तिला नुसती ‘सोसायटी’ म्हणतो आणि तिच्याविषयी बोलताना ‘सोसायटी काही करत नाही’, ‘सोसायटीने मेंटेनन्स वाढवला’ अशी वाक्ये सहज वापरतो. या वाक्यांत सोसायटी म्हणजे समोरच्या बाजूचा कोणीतरी असतो. बोलणारा स्वतः त्याच संस्थेचा भागधारक असतो, सर्वसाधारण सभेत त्याला मत असते, पण वाक्यात मात्र तो नसतो. माझे म्हणणे थोडक्यात असे: सोसायट्यांमधल्या भांडणांचा आणि दुरवस्थेचा दोष आपण माणसांच्या हेकटपणावर टाकतो, पण खरे कारण त्याहून खोल आहे. कायद्याने ज्याला सभासद केले, तो व्यवहारात गिऱ्हाईक होऊन बसला आहे. हे का झाले, त्याची किंमत काय आणि त्यावर काय करता येईल, एवढेच आज मांडायचे आहे.

सुरुवात आधी पाहू. 1904 चा सहकारी कायदा पतसंस्थांपुरता होता. 1912 च्या कायद्याने इतर कामांसाठीही सहकारी संस्था नोंदवता येऊ लागल्या आणि 1915 मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिच्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी होते. आज शामराव विठ्ठल बँक म्हणून ओळखली जाणारी संस्थाही 1906 मध्ये त्यांनीच सुरू केली होती. गावदेवीच्या संस्थेची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. जमीन आणि इमारती संस्थेच्या मालकीच्या होत्या. सभासद हा त्या संस्थेचा भागधारक आणि तिचाच भाडेकरू होता. म्हणजे घरमालक आणि भाडेकरू हे नाते त्यांनी एकाच माणसात आणून मिटवले. क्रमही पाहा. आधी माणसे एकत्र आली, त्यांनी भाग घेतले, नियम ठरवले आणि मग घरे बांधली. घर मिळाले ते सभासद झाल्यामुळे.

स्वातंत्र्यानंतर शहरे वाढली, बिल्डर आला आणि हा क्रम उलटला. लोकांची फसवणूक वाढली म्हणून 1963 मध्ये महाराष्ट्रात सदनिका मालकीचा कायदा झाला, ज्याला वकीलमंडळी ‘मोफा’ म्हणतात. त्याचा हेतू चांगला होता आणि त्याने अनेकांना वाचवले. पण त्याने मान्य केलेला क्रम असा: आधी बिल्डरकडून सदनिका विकत घ्यायची, पुरेशी माणसे झाली की बिल्डरने संस्था नोंदवायची आणि नंतर चार महिन्यांत जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून द्यायची. आता माणूस आधी खरेदीदार होतो आणि सभासदत्व त्याला कागदपत्रांच्या गठ्ठ्यातून, बहुधा न वाचताच मिळते. शेजारी कोण हे त्याने ठरवलेले नसते, नियम त्याने घडवलेले नसतात, पहिल्या सभेची तयारीही बिल्डरच्या कार्यालयाने केलेली असते. ज्या नात्याची सुरुवात खरेदीखताने होते, त्यात पुढेही ‘मी पैसे भरले आहेत, मला सेवा द्या’ हाच सूर राहिला तर नवल नाही. ही त्या माणसाच्या स्वभावाची खोट नव्हे. त्याला या दारातूनच आत घेतले गेले.

याची पहिली किंमत जमिनीच्या रूपाने मोजावी लागली. कायद्यात चार महिन्यांची मुदत असूनही असंख्य संस्थांच्या नावे जमीन वर्षानुवर्षे झाली नाही. सदनिकेचा ताबा मिळाला, वीज-पाणी आले, कर्जाचे हप्ते सुरू झाले. गिऱ्हाईक म्हणून माणसाचे काम झाले होते. अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन संस्थेच्या नावे करून घेणे, ही सभासदाची चिंता होती आणि सभासद म्हणून कोणी जागे नव्हते. शेवटी 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली, म्हणजे बिल्डर सही करत नसेल तर सक्षम अधिकाऱ्यामार्फत जमीन संस्थेकडे येण्याची वाट. पुढे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा रेरा कायदा आला आणि निम्म्याहून अधिक सदनिकांची नोंदणी झाली की तीन महिन्यांत संस्था स्थापन करण्याचे बंधन आले. इमारतीखालच्या स्टिल्टमधल्या पार्किंगचेही तसेच. ती जागा बिल्डर वेगळी विकत होता आणि लोक घेत होते. पांचाळी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितले की ती जागा स्वतंत्र सदनिका नाही आणि बिल्डरला ती विकता येत नाही. एका संस्थेने नेटाने लढून हा प्रश्न सर्वांसाठी सोडवला. गिऱ्हाईक म्हणून लढणाऱ्याला स्वतःपुरती जागा मिळते; संस्था लढली म्हणून नियम मिळाला.

दुसरी किंमत समजून घ्यायची तर दर महिन्याला, काही ठिकाणी दर तिमाहीला, येणारे देखभालीचे बिल नीट वाचावे लागते. आपण तळाचा आकडा पाहतो आणि भरतो. पण त्याच्या एकेका रकान्यात एकेक नैतिक निर्णय गोठलेला आहे. मालमत्ता कर ज्याच्या त्याच्या आकारणीप्रमाणे. पाणी नळजोडण्यांच्या संख्येप्रमाणे. वॉचमन, सफाई, कार्यालय यांचा सेवा-खर्च मात्र सर्वांना सारखा, मग घर एका खोलीचे असो की चार खोल्यांचे. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सर्वांना समान. तळमजल्यावरच्या माणसानेही तेवढाच द्यायचा. तळमजल्यावरचे सभासद दर सभेत यावर आक्षेप घेतात आणि गिऱ्हाईक म्हणून त्यांचे बरोबरच आहे. न वापरलेल्या वस्तूचे पैसे कोण देईल? पण इमारत एकच वस्तू आहे असे मानले की उत्तर बदलते. गच्ची गळते ती शेवटच्या मजल्यावर, पण दुरुस्तीचा खर्च तळमजल्यासकट सर्वांचा असतो. जो युक्तिवाद तळमजल्याला लिफ्टपासून सोडवतो, तोच वरच्या मजल्याला तळातल्या पाण्याच्या टाकीपासून आणि पायाच्या खांबांपासून सोडवील. मग इमारतीचा वाली कोण उरला?

त्याच बिलात एक लहानसा रकाना असतो, सिंकिंग फंडाचा, म्हणजे इमारतीच्या भविष्यातल्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीचा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्थांच्या कारभारासाठी सरकारने दिलेल्या नमुना नियमांप्रमाणे, सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का एवढी ही रक्कम. दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का. आता हिशेब करू. समजा, 40 सदनिकांची इमारत आहे आणि बांधली तेव्हा जमीन वगळून एका सदनिकेचा बांधकाम खर्च 4 लाख रुपये होता. पाव टक्क्याने वर्षाचे 1,000 रुपये, महिन्याला साधारण 83. तीस वर्षांत एका घरामागे 30 हजार आणि सगळ्या इमारतीचे 12 लाख, वर त्यावरचे व्याज. तीस वर्षांनंतरच्या मजुरीच्या आणि सिमेंट-सळईच्या दराने 40 घरांच्या इमारतीचे खांब, तुळया, गच्ची आणि बाहेरचा गिलावा यांचे मोठे काम एवढ्यात होणार नाही, हे सांगायला अभियंता लागत नाही. पाव टक्का ही किमान मर्यादा आहे. सर्वसाधारण सभा ती वाढवू शकते. फारच थोड्या सभा वाढवतात. कारण उघड आहे. आजचा गिऱ्हाईक आजच्या सेवेचे पैसे देतो. तीस वर्षांनंतर त्या घरात कदाचित दुसराच कोणी राहत असेल. त्या अनोळखी माणसासाठी आज पैसे बाजूला ठेवायला सभासद लागतो.

ही टाळाटाळ कुठवर जाऊ शकते, याचे एक उदाहरण दूरचे असले तरी सांगितले पाहिजे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या सर्फसाइड या गावी चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही 136 घरांची बारा मजली इमारत 24 जून 2021 च्या पहाटे कोसळली आणि 98 माणसे गेली. आपल्याकडच्या अपार्टमेंटसारखी तिथेही घरमालकांची संघटना आणि निवडलेली समिती होती. 2018 मध्येच अभियंत्याच्या अहवालाने काँक्रीटच्या गंभीर हानीकडे बोट दाखवले होते. खर्चावरून आणि कामावरून वाद झाले, समितीतल्या अनेकांनी 2019 मध्ये राजीनामे दिले आणि सुमारे दीड कोटी डॉलरची वर्गणी मंजूर व्हायला एप्रिल 2021 उजाडला. न्यायाने हेही सांगायला हवे की मूळ रचनेतही गंभीर दोष असल्याचे तपासात पुढे आले आहे. केवळ दुरुस्ती लांबल्याने इमारत पडली असे म्हणणे सोपे होईल. पण माझा मुद्दा वेगळा आहे. फ्लोरिडात त्या काळी दुरुस्तीचा राखीव निधी न भरण्याचा निर्णय सभासदांना बहुमताने घेता येत होता. 2022 मध्ये कायदा बदलून इमारतीच्या मूळ सांगाड्यासाठीच्या निधीबाबत ही मुभा काढून घेण्यात आली. सुशिक्षित, सुस्थितीतल्या माणसांनी लोकशाही पद्धतीने भविष्यातला खर्च पुढे ढकलत राहावे, हे कोणत्याही देशात घडू शकते. आपल्या उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीची दर तीन वर्षांनी करायला सांगितली आहे. तो अहवाल सभेपुढे वाचला जातो की कपाटात जातो, यावर बरेच काही अवलंबून आहे.

आता सभेकडे वळतो. कायद्याने वर्षातून एक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हायलाच हवी. गणपूर्ती किती? एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांत जी संख्या कमी असेल ती. म्हणजे दोनशे घरांच्या संस्थेत वीस माणसे आली तरी पुरे. एवढीही जमली नाहीत तर अर्धा तास वाट पाहून सभा तहकूब होते, आणि नोटिशीत तशी सोय केलेली असेल तर त्याच दिवशी पुन्हा भरते. त्या सभेला गणपूर्तीचे बंधन नाही. आपल्या नोटिशींच्या तळाशी हे वाक्य आता इतके ठरून गेले आहे की ते छापील नमुन्याचा भाग वाटते. अपवादासाठी केलेली सोय नेहमीची रीत झाली. मग सात-आठ माणसे ठराव करतात आणि तो सर्वांना लागू होतो. जे आले नाहीत ते पुढे वर्षभर व्हॉट्सॲपच्या गटावर त्या ठरावांविरुद्ध लिहितात. तक्रार करण्याचा त्यांना अधिकार आहे, पण तक्रार हे गिऱ्हाइकाचे साधन आहे. सभासदाचे साधन मत आहे, आणि ते सभेतच वापरता येते.

या मांडणीवर काही आक्षेप येतात आणि ते वजनदार आहेत. पहिला वेळेचा. दोन-दोन तास लोकलमध्ये घालवणाऱ्या माणसाने पंप, टाकी आणि थकबाकीदारांच्या याद्या यांत कशाला पडावे? व्यवस्थापन करणाऱ्या एजन्सीकडे काम द्यावे आणि मोकळे व्हावे. काम द्यायला माझी हरकत नाही. हिशेब, लिफ्टची देखभाल, सुरक्षा ही कामे जाणकारांनीच करावीत. हौशी सचिवाच्या खांद्यावर सगळे टाकणे अन्यायाचे आहे. पण कामे सोपवता येतात, निर्णय सोपवता येत नाहीत. निधी वाढवायचा की नाही, अपंग सभासदासाठी उतार बांधायचा की ती जागा पार्किंगला द्यायची, थकबाकीदार विधवेला हप्ते पाडून द्यायचे की तिच्याविरुद्ध वसुलीचा दाखला मिळवायचा, याचे उत्तर एजन्सीकडे नसते. त्यासाठी वर्षाला एका सभेचे तीन तास आणि कागद वाचायला एक संध्याकाळ लागते. समितीवर येण्याएवढा वेळ सर्वांकडे नसेल, एवढा असतो.

दुसरा आक्षेप मालकीचा. घर माझे, घाम गाळून घेतलेले. मी ते कोणाला भाड्याने द्यावे, आत काय करावे, हे शेजाऱ्यांनी का सांगावे? या आक्षेपात मोठे सत्य आहे, आणि सोसायट्यांनी ते वारंवार पायदळी तुडवले आहे. घर भाड्याने द्यायला आदर्श उपविधींप्रमाणे संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, फक्त कळवावे लागते. सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा लागणारे बिनभोगवटा शुल्क सेवा-खर्चाच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सरकारने 2001 मध्ये ही मर्यादा घातली, कारण त्याआधी मनाला येईल तेवढे पैसे घेतले जात होते. तरी एकट्या मुलींना घर देऊ नये, अमुक खाणाऱ्यांना देऊ नये, अमुक धर्माच्या माणसाला देऊ नये असे तोंडी फर्मान अनेक फाटकांवर आजही चालते. मी सभासदत्वाची बाजू घेतो तेव्हा या दादागिरीची बाजू घेत नाही. सभासदाचा अधिकार सामाईक गोष्टींपुरता आहे. खांब, गच्ची, पाणी, निधी सामाईक. माझे स्वयंपाकघर सामाईक नाही. बहुमताची हद्द जिथे संपते ती रेषा जो ओळखतो, तोच सभासद.

इथेच तिसरा आणि सर्वांत अवघड आक्षेप उभा राहतो. सहकारी गृहनिर्माणाचा जन्मच जातीच्या कुंपणात झाला, हे विसरून चालणार नाही. गावदेवीची ती संस्था एका समाजाची होती आणि तिच्यातला विश्वास काही अंशी त्या एकजिनसीपणातून आला होता. 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारी उपविधी वैध ठरवली. मग कोणी म्हणेल, माणसे सारखी असतील तेव्हाच सभासदत्वाची भावना टिकते. मिश्र वस्तीत गिऱ्हाईकपणच बरे, निदान पैसे देणाऱ्याची जात तरी कोणी विचारत नाही. मला हे मान्य नाही, आणि त्याचे कारण बिलातच आहे. अनोळखी माणसांमध्ये न्याय्य वाटणी कशी करायची, याचे नियम त्या रकान्यांत आधीच लिहिलेले आहेत. शिवाय आपल्या संस्थेत एका सभासदाला एकच मत असते, त्याची घरे कितीही असोत; 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या अपार्टमेंटमध्ये मत मालकीच्या हिश्शाप्रमाणे मोजले जाते. ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व सारख्या माणसांसाठी लागत नाही, वेगळ्या माणसांसाठीच लागते. तालमकींची संस्था एका समाजाच्या विश्वासावर उभी राहिली. तोच विश्वास भिन्न समाजांच्या माणसांत नियमांच्या बळावर उभा करणे हे आपल्या पिढीचे काम आहे.

पण ज्यांना मतच नाही त्यांचे काय? भाडेकरू वर्षानुवर्षे राहतो, पाणी त्याचेही जाते, लिफ्ट त्याचीही बंद पडते. सभेत त्याला जागा नाही. भाग दाखल्यावर जिचे नाव दुसरे आहे, ती पत्नी घर चालवते, पण पहिले नाव असलेल्याच्या गैरहजेरीतच तिचे मत येते. घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि वॉचमन तर कुठेच नाहीत. 2020 च्या टाळेबंदीनंतर सरकारी मनाई उठली तरी कितीतरी सोसायट्यांनी घरकामगार स्त्रियांना फाटकावर अडवले. त्यांच्या रोजीरोटीचा निर्णय अशा सभेने घेतला जिथे त्यांची बाजू मांडायला कोणीच नव्हते. सत्ता जितकी लहान, तितकी ती माणसाच्या जवळ आणि म्हणून जास्त टोचणारी. कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. भाडेकरूला मत देता येत नसेल, पण सभेत बसायला आणि बोलायला बोलावण्यापासून आपल्याला कोणी अडवलेले नाही.

हजार-दोन हजार घरांच्या टाउनशिपमध्ये हे चालेल का, असाही प्रश्न आहे. तिथे अडचण खरी आहे. म्हणूनच इमारतवार संस्था आणि त्यांच्यावर शिखर संस्था ही रचना शहाणपणाची. पण बहुतेक संस्था लहान आहेत. 2019 च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी सहकार कायद्यात स्वतंत्र प्रकरण आले आणि 250 पर्यंत सभासद असलेल्या संस्थांना आपली निवडणूक आपणच घेण्याचा अधिकार मिळाला. त्याच वर्षीच्या शासननिर्णयाने स्वयंपुनर्विकासाला सवलती दिल्या आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने त्यासाठी कर्जे दिली. बिल्डरला बाजूला ठेवून सभासद स्वतःच आपली इमारत नव्याने बांधतात तेव्हा 1915 चा क्रम परत येतो: आधी माणसे, मग ठराव, मग घर. जमीन आपल्या नावे नसलेल्या, लेखापरीक्षण रखडलेल्या, सभेला न जमणाऱ्या संस्थेला हे जमत नाही. पुनर्विकासाच्या दिवशी एकी आणता येत नाही. ती आधीच्या तीस वर्षांच्या सभांतून साठलेली असावी लागते, सिंकिंग फंडासारखीच.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. थोड्या दिवसांत जिन्याखालच्या फलकावर वार्षिक सभेची नोटीस लागेल. तिच्या तळाशी अर्ध्या तासाने भरणाऱ्या तहकूब सभेचे ते ठरलेले वाक्य असेल. आपल्या इमारतीत ते वाक्य या वर्षी निरुपयोगी ठरू द्या. येताना ताळेबंद वाचून या, सिंकिंग फंडाच्या रकमेला घरांच्या संख्येने भागून पाहा, शेवटची संरचनात्मक तपासणी कधी झाली ते विचारा, आणि शेजारच्या भाडेकरूच्या दारावर टकटक करून त्यालाही सोबत घ्या. बिल आपण दर महिन्याला भरतोच. त्या बिलात काय असावे हे ठरवायला वर्षातून एक संध्याकाळ द्या.